पागोळीचा हिशेब

मार्चमधली ती रात्र मला तिच्या शांततेमुळे आठवते. दिवसभर पारा आठ-नऊ अंशांवर होता. घरामागच्या अंगणात डिसेंबरपासून साचलेला बर्फ करडा होऊन खचत चालला होता आणि संध्याकाळपासून पाऊस लागला होता. झोपताना बेसमेंटमधलं पाणी उपसणाऱ्या सम्प पंपाची घरघर दर सात-आठ मिनिटांनी ऐकू येत होती. पहाटे जाग आली तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. फ्रिज गप्प, फर्नेस गप्प, पंपही गप्प. वाऱ्याने कुठेतरी तार तुटून वीज गेली होती. टॉर्च घेऊन मी जिना उतरले, शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकवला आणि तो घोट्यापर्यंत गारढोण पाण्यात गेला.

मिसिसॉगातल्या आमच्या बेसमेंटमध्ये काय नव्हतं! लेकीची शाळेतली चित्रं, गणपतीचं मखर, नवऱ्याचा तबला, पंधरा वर्षांचे दिवाळी अंक. आणि पुठ्ठ्याच्या एका खोक्यात, थेट फरशीवर ठेवलेली, माझ्या वडिलांची, अण्णांची पत्रं. राजापूरजवळच्या आमच्या गावातून ते एअरोग्राम पाठवायचे, शाईच्या पेनाने, समासही न सोडता लिहिलेले. मी कॅनडात आल्यापासून ते जाईपर्यंत अकरा वर्षं. खोकं उचललं तेव्हा तळ खालीच राहिला आणि पत्रं पाण्यावर तरंगायला लागली. शाई माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होती.

सकाळ झाली तेव्हा घरभर एक वास भरला होता. कोकणात वाढलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. आषाढातल्या बंद खोलीचा, न वाळलेल्या गोधडीचा, ओलीचा वास. त्या वासानेच मला या विषयाच्या मागे लावलं. गेली काही वर्षं मी शेजाऱ्यांशी, प्लंबरशी, घर तपासणाऱ्या निरीक्षकांशी बोलते आहे, पालिकेची पत्रकं वाचते आहे, पावसात छत्री घेऊन स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या घरांभोवती फेऱ्या मारते आहे. जे समजलं ते इथे मांडते आहे, कारण आज आपली हजारो मराठी कुटुंबं अशा घरांत राहतात, ज्यांचा एक मजला जमिनीच्या पोटात आहे.

घर जमिनीत का उतरतं

आपल्याकडे घर बांधताना पहिला प्रश्न जोत्याचा असतो. जोतं किती उंच? अंगणातलं पाणी ओटीवर येणार नाही ना? कोकणातलं घर पाण्याच्या धाकाने वर उठतं. इकडे ओंटारियोतलं घर थंडीच्या धाकाने खाली जातं.

कारण साधं आहे. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. हिवाळ्यात जमिनीतली ओल गोठली की माती फुगते आणि वर उचलली जाते. तिच्यावर घराचा पाया असेल तर तोही उचलला जाईल, भिंती तडकतील. म्हणून पाया त्या गोठण्याच्या रेषेखाली न्यावा लागतो. दक्षिण ओंटारियोत ही रेषा साधारण 4 फुटांवर धरतात. पायासाठी एवढं खणायचंच आहे, तर आणखी चार फूट खणून एक अख्खी खोली का मिळवू नये? उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यातल्या बहुतेक बेसमेंटच्या मागे हा व्यवहार आहे.

पूर्वी तिथे कोळसा, भट्टी आणि लोणच्याच्या बरण्या असत. आता सोफे, टीव्ही, पाहुण्यांची खोली, मुलांचा अभ्यास. आपल्या घरांत देवघर, भजनाची बैठक, गणेशोत्सवातले ढोल. ब्रॅम्प्टनसारख्या शहरात तर नव्याने आलेल्या कित्येक विद्यार्थ्यांचं या देशातलं पहिलं घर म्हणजे कुणाचं तरी बेसमेंट. पूर्वी तिथे पाणी आलं तर कोळसा भिजायचा. आज गादीवर झोपलेलं माणूस भिजतं.

बर्फ वितळतो तेव्हा

पाऊस तर उन्हाळ्यातही पडतो, मग मार्च-एप्रिलचीच धास्ती का? या प्रश्नाचं उत्तर अंगणातल्या बर्फात आहे. ताजा भुसभुशीत बर्फ 10 इंच असेल तर त्यात साधारण 1 इंच पाणी असतं. पण महिनोन् महिने दबलेल्या, अर्धवट वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचं तसं नाही. तो तीन-साडेतीन इंच वितळला की इंचभर पाणी होतं. म्हणजे फूटभर जुन्या बर्फाचं अंगण हे साडेतीन इंच पाण्याचं तळं आहे, फक्त गोठलेलं.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. दोनशे चौरस मीटरच्या अंगणात फूटभर जुना बर्फ असेल, तर सतरा-अठरा हजार लिटर पाणी तिथे थांबलेलं आहे. आपल्याकडच्या एका मोठ्या टँकरएवढं. हा टँकर सावकाश, पंधरा-वीस दिवसांत रिकामा झाला तर काही बिघडत नाही. पण दोन दिवस ऊब आणि वर पाऊस आला की तो एकदम सुटतो.

एरवी माती हे पाणी पिऊन टाकते. वसंताच्या तोंडावर मात्र वरची चार बोटं माती मऊ झालेली असते आणि तिच्याखाली जमीन अजून दगडासारखी गोठलेली. पाणी खाली उतरू शकत नाही, आडवं सरकतं. आणि सरकत सरकत जिथे माती पोकळ आहे तिथे जातं. अशी जागा प्रत्येक घराला चिकटूनच असते. घर बांधताना पायाभोवती रुंद खड्डा खणतात, भिंती उभ्या राहिल्या की तो पुन्हा मातीने भरतात. ही भरावाची माती आजूबाजूच्या मूळ मातीइतकी कधीच घट्ट बसत नाही. वर्षागणिक ती खचते आणि घराभोवती नकळत एक वाडगं तयार होतं. घर त्या वाडग्याच्या मधोमध.

वाडगं भरलं की पाणी भिंतीला रेटतं. मीटरभर उंच पाणी तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन भार टाकतं. एवढ्या दाबाला केसाएवढी भेगही पुरते. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तो सांधा तर नेहमीचाच चोरदरवाजा. पाणी येण्याआधी भिंत बोलतेही: लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात, कोपऱ्यात खिळे गंजतात. आपण त्यावर नवा रंग लावतो.

भिंतीवरची ओल बाहेरून झिरपते आहे की आतल्या दमट हवेची आहे, हे ओळखायची एक सोपी युक्ती एका निरीक्षकाने मला दाखवली. प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी बाहेरचं, खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतलं. आमच्या भिंतीवरचे थेंब भिंतीकडचे होते.

छपरापासून सुरुवात

आमच्या शेजारी एक पोर्तुगीज आजोबा राहतात. चाळीस वर्षं त्यांनी पायाच्या भिंती ओतल्या. त्या रात्रीनंतर मी त्यांना विचारलं, "आतून कुठला रंग लावू, म्हणजे पाणी थांबेल?" त्यांनी उत्तर दिलं नाही. टोपी घातली आणि मला बाहेर नेलं. मग बोट दाखवलं ते छपराकडे.

"तिथून सुरू कर," ते म्हणाले. "भिंत सगळ्यांत शेवटी."

शंभर चौरस मीटरच्या छपरावर इंचभर पाऊस पडला तर अडीच हजार लिटर पाणी होतं, दीडशेहून अधिक बादल्या. हे सगळं पन्हळींतून तीन-चार नळांत येतं आणि नळ ज्या जागी जमिनीला टेकतो तिथे ओतलं जातं. इकडे या नळाला डाउनस्पाउट म्हणतात. आमचा एक डाउनस्पाउट पायापासून वीतभर अंतरावर संपत होता. छपराच्या चौथ्या हिश्शाचं पाणी आम्ही स्वतःच्या हाताने भिंतीच्या मुळाशी ओतत होतो, तेही वर्षानुवर्षं. आजोबांनी एक जोडनळ आणून तो सहा फूट पुढे नेला. एका संध्याकाळच्या जेवणापेक्षा कमी खर्चाचं काम.

मग पन्हळी. ऑक्टोबरात मेपलची पानं गळतात, पन्हळीत कुजून बसतात, त्यांच्यावर बर्फ गोठतो. वसंतात पाणी पन्हळीच्या काठावरून सरळ भिंतीलगत पडतं. कोकणात याला आपण पागोळी म्हणतो. तिथे पागोळी अंगणात पडते कारण छपराचा पाखा भिंतीच्या बराच पुढे आलेला असतो. इथे पाखे आखूड, पागोळी पायावरच पडते.

त्यानंतर उतार. घरालगतच्या पहिल्या सहा फुटांत जमीन किमान सहा इंच उतरावी, असा इकडच्या बांधकामातला ठोकताळा आहे. आमच्या मागच्या भिंतीशी ती उलट घराकडे उतरत होती. चार ढकलगाड्या चिकणमाती आणून ती उंच केली. वाळू किंवा खडी टाकायची नाही, कारण ती पाणी पिते आणि थेट खाली पोचवते. माती भिंतीच्या विटांपर्यंत चढवायचीही नाही, सहा-आठ इंच पाया उघडा राहिला पाहिजे. बेसमेंटच्या खिडक्यांपुढे अर्धगोल पत्र्याचे खड्डे असतात, त्यांच्या तळाशी खडी हवी आणि तिच्याखाली निचऱ्याची वाट. आमच्या एका खड्ड्यात पानांचा खच होता. ती खिडकी म्हणजे भरलेली घागर होती.

आणि बर्फ. थंडीभर गच्चीवरचा, वाटेवरचा बर्फ खोऱ्याने उचलून आम्ही घराच्या भिंतीशी रचत होतो, कारण तिथे तो पायात येत नाही. फेब्रुवारी संपत आला की हा ढिगारा भिंतीपासून चार-पाच फूट दूर ढकलायचा आणि अंगणातून रस्त्याच्या गटाराकडे जाणारी चर बर्फातून मोकळी करायची. आजोबा हे काम दरवर्षी करत होते. मी खिडकीतून पाहायची आणि मला वाटायचं, व्यायाम करतात.

पाणी मुळात छपरावर जन्म घेतं, हे मिसिसॉगा पालिकेनेही ओळखलेलं आहे. 2016 पासून इथे पावसाच्या पाण्याच्या व्यवस्थेसाठी वेगळा आकार लागतो आणि घरांना तो छपराच्या क्षेत्रफळानुसार लागतो. जेवढं मोठं छप्पर, तेवढी मोठी पट्टी. पट्टी भरताना लोक कुरकुरतात. मला मात्र त्यात न्याय दिसतो: माझ्या पागोळीचा हिशेब माझ्या नावावर.

जमिनीखालच्या वाटा

छपराचं आणि अंगणाचं पाणी दूर नेलं तरी थोडं पाणी खाली झिरपणारच. त्याच्यासाठी पायाच्या तळाशी घराभोवती एक नळ पुरलेला असतो. इथले लोक त्याला वीपिंग टाइल म्हणतात, रडणारं कौल. नाव ऐकून मी चक्रावले होते. पूर्वी तो भाजलेल्या मातीच्या तुकड्यांचा असे, टोकाला टोक लावून ठेवलेला, आणि त्या फटींतून पाणी आत टिपकत जाई. आता भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा नळ असतो, पण नाव राहिलं. जुन्या घरांत हे मातीचे नळ गाळाने, झाडांच्या मुळांनी बुजलेले असतात. मग पाण्याला जायला जागाच नसते.

नळ बेसमेंटच्या फरशीतल्या एका खड्ड्यात येतो. त्यात सम्प पंप. पाणी ठरावीक उंचीवर आलं की तरंगता गोळा उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी बाहेर फेकतो. साधं यंत्र, पण त्याचे घात ठरलेले. गोळा अडकतो. बाहेर जाणाऱ्या नळाचं तोंड गोठतं. परतीचं पाणी रोखणारी झडप खराब होते आणि फेकलेलं पाणी पुन्हा खड्ड्यात येतं. आणि वादळात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, वीज जाते. आमचं हेच झालं. आता बॅटरीवर चालणारा दुसरा पंप शेजारी आहे. दर मार्चच्या एक तारखेला मी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतते आणि पंप उचलतो की नाही ते उभं राहून पाहते.

आणखी एक वाट आहे, सर्वांत किळसवाणी: सांडपाण्याच्या नळातून पाणी उलटं वर येणं. जुन्या टोरांटोच्या काही भागांत सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून वाहतं. पाऊस आणि वितळलेला बर्फ एकत्र आला की गटार तुंबतं आणि पाणी सर्वांत खालच्या मोरीतून, म्हणजे बेसमेंटच्या मोरीतून, घरात शिरतं. टोरांटोने 2007 मध्ये नियम केला की छपराचे डाउनस्पाउट गटाराला जोडायचे नाहीत, जोडलेले असतील तर तोडायचे. सांडपाण्याच्या नळावर बॅकवॉटर व्हॉल्व्ह बसवायला पालिका अनुदानही देते. पाणी उलटं येऊ लागलं की या झडपेचं झाकण तरंगून बंद होतं. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. झाकण बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. तेव्हा कपडे धुतले, आंघोळ केली, तर स्वतःचंच पाणी बेसमेंटमध्ये साठतं. मुसळधार पाऊस चालू असताना नळ बंद, हा घरातल्या सगळ्यांनी पाळायचा नियम.

कधी कधी घरमालकाने सगळं केलं तरी पुरत नाही. मिसिसॉगाच्या वायव्येला लिसगार नावाची वस्ती आहे. तिथे 2008 पासून अनेक घरांच्या बेसमेंटमध्ये पाणी झिरपू लागलं. पायाभोवतीचं पाणी वाहून नेण्यासाठी तिथे रस्त्याखाली वेगळी तिसरी नलिका आहे, सांडपाण्याची वेगळी, पावसाची वेगळी. घरं तुलनेने नवी, व्यवस्था आधुनिक. तपासात दिसलं की पावसाच्या गटारांतून गळणारं पाणी नळांखालच्या खडीच्या थरात साचत होतं आणि तिथून त्या तिसऱ्या नलिकेत शिरून तिला तुंबवत होतं. घराच्या आत कितीही रंग लावला असता तरी हे थांबलं नसतं. जमिनीखाली सगळ्यांच्या वाटा एकमेकींत गुंतलेल्या असतात.

नदी दाराशी आली तर

घरमालकाने एकट्याने केलेलं पुरत नाही, हा धडा मोठ्या अक्षरांत वाचायचा तर विनिपेगला जावं. तिथली रेड नदी उत्तरेकडे वाहते. वसंत दक्षिणेकडे आधी येतो, म्हणून वरच्या अंगाचं पाणी वितळून निघतं तेव्हा खालच्या अंगाची नदी अजून गोठलेली असते. पाणी पुढे जाऊ शकत नाही, पसरतं. आणि भूमी ताटासारखी सपाट, कारण ती अगॅसिझ नावाच्या हिमयुगीन सरोवराचा तळ आहे. 1950 च्या वसंतात या पुराने विनिपेगमधून सुमारे एक लाख माणसांना घर सोडायला लावलं.

त्यानंतर मॅनिटोबाचे मुख्यमंत्री डफ रॉब्लिन यांनी शहराला वळसा घालून पाणी नेणारा 47 किलोमीटर लांबीचा कालवा खणायचा आग्रह धरला. 1962 ते 1968 या काळात तो झाला, खर्च सुमारे 6 कोटी 30 लाख डॉलर. विरोधकांनी त्याला 'डफची चर' म्हणून हिणवलं. 1997 चा महापूर आला तेव्हा त्याच चरीने शहर वाचवलं.

त्याच वर्षी, त्याच नदीवर, सीमेच्या दक्षिणेला नॉर्थ डकोटातलं ग्रँड फोर्क्स हे शहर बुडालं. पाणी 49 फुटांपर्यंत चढेल असा अंदाज होता, लोकांनी रात्रंदिवस वाळूच्या पिशव्या रचून बांध उंच केले. पाणी 54 फुटांच्या वर गेलं. जवळपास सगळं शहर रिकामं करावं लागलं, पाण्याने वेढलेल्या मध्यवस्तीत आग लागली आणि अकरा इमारती जळाल्या. पुरानंतर शहराने नदीकाठची शेकडो घरं हटवली आणि ती जागा हिरवळीसाठी, म्हणजे खरं तर नदीसाठी, मोकळी सोडली.

ओटावा नदीकाठी 2017 च्या वसंतात पूर आला, लोकांनी बेसमेंट दुरुस्त केली, नवे गालिचे घातले, आणि 2019 मध्ये त्याहून मोठा पूर आला. 27 एप्रिल 2019 च्या संध्याकाळी माँट्रियलजवळच्या सँत-मार्त-स्युर-ल-लाक गावाचा बांध फुटला आणि सहा हजारांहून अधिक लोकांना तातडीने घर सोडावं लागलं. अशा ठिकाणी कुठला पंप, कुठली झडप? तिथे खरा प्रश्न घर कुठे बांधलं हाच असतो. घर घेताना आपण शाळा पाहतो, स्टेशन किती लांब ते पाहतो. नदीखोरं सांभाळणाऱ्या संस्थांचे पूररेषेचे नकाशेही पाहिले पाहिजेत. ओंटारियोत हे काम कॉन्झर्व्हेशन ऑथॉरिटी करतात. हिवाळाभर त्यांचे लोक ठरलेल्या जागी बर्फात पोकळ नळी खुपसतात, बर्फासकट तिचं वजन करतात आणि त्यावरून किती पाणी थांबलंय ते काढतात. मार्चमध्ये त्यांचं पूरनिवेदन आलं की ते हवामानाच्या बातमीइतक्याच लक्षाने वाचावं.

पाणी आत आल्यावर

त्या पहाटे मी पाण्यात पाय घातला, ती चूक होती. आमची वीज गेली होती म्हणून निभावलं. वीज चालू असती आणि पाणी एखाद्या प्लगपर्यंत पोचलेलं असतं, तर हा लेख कुणी दुसऱ्याने लिहिला असता. बेसमेंटमध्ये पाणी दिसलं की उतरायचं नाही. विजेचा मुख्य पॅनल बहुतेक घरांत बेसमेंटमध्येच असतो. पाण्यातून चालत जाऊन तो बंद करायचा नाही, वीज कंपनीला बाहेरून बंद करायला सांगायचं.

पाणी खूप असेल तर ते घाईने उपसायचंही नाही. बाहेरची माती भिजलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं, तर भिंतीवरचा बाहेरचा दाब तसाच राहतो आणि आतून तोलणारं काही उरत नाही. भिंत आत येऊ शकते. फूटभर उपसायचं, खूण करायची, रात्रभर थांबायचं. पाणी पुन्हा चढलं तर थांबायचं.

मग वाळवण्याची शर्यत. बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात. भिजलेला गालिचा, त्याखालचा फोम, भिंतीतलं कापसासारखं इन्सुलेशन यांचा मोह सोडावा. ड्रायवॉल पाण्याच्या खुणेच्या वर फूटभर कापून काढावी, कारण ती वातीसारखी पाणी वर ओढते. पण सगळ्यात आधी फोटो काढावेत, प्रत्येक वस्तूचे.

विम्याबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो, आमचाही होता. कॅनडात घराच्या साध्या विम्यात गटाराचं उलटं पाणी धरलेलं नसतं, ते वेगळं घ्यावं लागतं. जमिनीवरून वाहत आलेल्या पुराच्या पाण्याचा विमा तर घरमालकांना 2015 पासूनच मिळू लागला, तोही वेगळा. आमच्या पॉलिसीत यातलं काही नव्हतं. अमेरिकेत 1968 पासून सरकारी पूरविमा आहे, पण नव्या पॉलिसीला साधारण 30 दिवस थांबावं लागतं आणि बेसमेंटमधल्या सजावटीला, सामानाला तो जवळपास काहीच देत नाही. बर्फ वितळू लागल्यावर फोन करून उपयोग नाही. कागद दिवाळीतच वाचावेत.

आणि भाडेकरू. ज्यांच्या बेसमेंटमध्ये विद्यार्थी राहतात त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या खोलीची खिडकी आतून, किल्लीशिवाय, सहज उघडते का आणि त्यातून माणूस बाहेर पडू शकतो का, हे स्वतः उघडून पाहा. पाणी दाराच्या बाजूने आलं तर तीच वाट. त्या मुलांना सांगा की प्लगची पट्टी जमिनीवर ठेवू नका, पासपोर्ट खालच्या खणात ठेवू नका. भाडं घेतो तेव्हा कुणाचं तरी लेकरू आपण सांभाळायला घेतलेलं असतं.

मे महिन्यातली ओळ

अण्णांची पत्रं मी वर्तमानपत्राच्या घड्यांत घालून वाळवली. निम्म्याहून अधिक कोरी झाली होती. उरलेली त्या वर्षी पहिल्यांदाच सलग वाचली. दर मेमधल्या पत्रात एक ओळ होती, थोड्या फार फरकाने तीच. घर शाकारून झालं. नवे नळे (कौलं) पंचवीस-तीस लागले. पऱ्या (ओढा) साफ केला. गडग्याखालची मोरी मोकळी केली. जवाहर चौकातल्या दुकानातला माल माळ्यावर चढवला.

राजापूरच्या जवाहर चौकात अर्जुना आणि कोदवली नद्यांचं पाणी पावसाळ्यात येतं, पिढ्यान् पिढ्या येतं. तिथला दुकानदार माल वर चढवतो, पाणी येतं, जातं, गाळ काढतो, पुन्हा दुकान मांडतो. आमचं घर त्या चौकापासून लांब, डोंगराच्या पायथ्याशी. श्रावणात मागच्या पडवीत जमिनीतून उमाळे फुटायचे. अण्णांनी तिथे कधी सिमेंट ओतलं नाही. पडवीतून अंगणाच्या कडेने एक चर काढली होती, उमाळ्याचं पाणी त्या चरीने पऱ्यावर जायचं. कुणी पक्की फरशी कर म्हटलं की ते म्हणायचे, "पाणी पाहुणं आहे, जाणारच आहे. दार दाखवा."

एअरोग्रामची जागा मोजकी असायची. त्यातली ती ओळ दरवर्षी पऱ्यावर आणि नळ्यांवर खर्च झालेली पाहून मला पूर्वी वाटायचं, यांच्याकडे लिहायला काही नाही. मी ती ओळ ओलांडून पुढे जायची. मला ज्या गोष्टीची गरज होती ती अकरा वेळा लिहून आली होती, आणि मी ती बंद खोक्यात, फरशीवर ठेवली होती.

मागच्या वर्षी आमचा डाउनस्पाउट आणखी पुढे नेला, तेव्हा पाणी कुंपणाखालून आजोबांच्या अंगणात जाऊ लागलं. ते काही बोलले नाहीत. पण स्वतःच्या भिंतीपासून दूर लोटलेलं पाणी कुणाच्या भिंतीपाशी जातं, हे पाहिल्याशिवाय काम पुरं होत नाही. आम्ही दोघांनी मिळून दोन्ही घरांमधल्या पट्ट्यात उथळ चर काढली, हिरवळ लावली, आणि ती रस्त्याकडे उतरती केली. आता मार्चमध्ये दोन्ही छपरांचं पाणी त्या एकाच चरीतून जाताना दिसतं.

लेक आता वॉटर्लूला शिकते. एका घराच्या बेसमेंटमध्ये खोली घेऊन राहते. फेब्रुवारीच्या शेवटी मी तिला फोन केला आणि आवाज न चढवता एकेक विचारत गेले. खिडकी उघडते का? खोकी फळीवर आहेत ना? छपराचा नळ भिंतीपासून किती लांब आहे?

दोन दिवसांनी तिने फोटो पाठवला. डाउनस्पाउटला जोडलेला नवा, चकचकीत नळ, आणि त्याच्या तोंडातून बर्फावर पडणारं पाणी. खाली तिने लिहिलं होतं, "घरमालक काकांना सांगितलं. आम्ही दोघांनी लावला. पाणी आता झाडाकडे जातं."

तो फोटो छापून घेतला आणि अण्णांच्या पत्रांच्या पेटीत ठेवला. पेटी वरच्या मजल्यावर आहे.